ओइवाचं झाड

तेर्वालाम्पी, २८ एप्रिल १९५७

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा गोठ्यात होते, म्हणून ते मी उभ्याउभ्याच वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. युहान्नुसच्या, भर उन्हाळ्यातल्या सणाला येतोयस, आणि एकटा नाही! गुनवोर हे नाव मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. ती दारात उभी राहिल्यावर माझी जीभ अडखळायला नको. तिला आपली राईची भाकरी चालेल ना? स्वीडनमध्ये पाव गोड असतो असं लोविसाकाकू सांगतात. त्या स्वतः चर्चच्या गावापलीकडे कधी गेलेल्या नाहीत, तेव्हा खरं काय ते तूच कळव.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोण येतंय?" मी म्हटलं, "ओइवा." ते म्हणाले, "तांबडी आज नीट खात नाहीये." तेवढंच. पण "नको" म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण खरंच म्हणाले नाहीत.

एकच गोष्ट सुचवते. बसनं तिठ्यावर उतरून टेकाडावरच्या वाटेनं येऊ नका. वाट यंदा फार खराब झाली आहे. चिखल आहे, आणि लोविसाकाकूंचा बैल तिकडे मोकळा असतो. त्यापेक्षा चर्चच्या धक्क्यावर उतरा. लोविसाकाकूंचे यजमान होडी घेऊन येतील, मी बोलून ठेवलं आहे. पाण्यावरून आलं की घर समोरूनच दिसतं. गुनवोरला पहिल्यांदा घर तसंच दिसावं.

तुझी,
इर्या


तेर्वालाम्पी, १२ मे

प्रिय दादा,

वाळूच्या टेकाडावर चिखल कधीपासून होऊ लागला, आणि लोविसाकाकूंचा बैल तर लढाईच्या दिवसांतच कापला होता ना, असं तू विचारलंस. बरोबर आहे. बैल नाही. मी खोटं लिहिलं, आणि ते पत्र पेटीत टाकल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. होडीचं मात्र खरं आहे. होडीनंच या. का ते विचारू नकोस.

दुसरं काही लिहिते. राजधानीतल्या शब्दकोशवाल्यांना मी दोन वर्षं आपल्याकडचे शब्द पाठवते, हे तुला कदाचित माहीत नसेल. ते शब्द कळवतात, आपण तो कसा वापरतो ते कागदावर लिहून द्यायचं. शिकलेले लोक पुष्कळ असताना मला का निवडलं कोण जाणे. बहुतेक माझं अक्षर सुवाच्य आहे म्हणून. पण मला ते काम येतं, कारण ते आईनंच शिकवलंय. तळ्यावरचा बर्फ पक्का होईपर्यंत शाळेत जाता यायचं नाही, तेव्हा लोणी घुसळताना ती आपल्याला शब्द चालवायला लावायची, आठवतं? रवी खाली गेली की एक रूप, वर आली की दुसरं. तू नेहमी मधलं एखादं गाळायचास आणि ती रवी थांबवून तुझ्याकडे नुसती बघत राहायची.

या वेळी त्यांनी 'कार्सिक्को' हा शब्द पाठवला. सगळी रूपं हवी आहेत. कार्सिक्को, कार्सिकोन, कार्सिकोस्सा, कार्सिकोल्ता. 'क' एकदा जड, एकदा हलका. रूपं मी एका दमात लिहिली. मग अर्थ. पहिला असा लिहिला: "प्रेत चर्चकडे नेताना, घर जिथून शेवटचं दिसतं त्या वळणावर थांबून ज्या पाइनच्या फांद्या छाटतात आणि साल सोलून मेलेल्याचं नाव, वर्ष कोरतात, ते झाड. मेलेला घराची ओढ लागून परत निघाला, तर आपलं नाव वाचून तिथून मागे फिरतो. असं झाड कोणी तोडत नाही. जो तोडतो तो आपल्या घरात मरण आणतो." दुसरा: "नवरी पहिल्यांदा सासरी येते त्या दिवशी तिच्या मानाचं झाड, फांद्या छाटून फक्त शेंडा राखलेलं."

प्रत्येक अर्थाला वापरातलं एकेक वाक्य द्यायचं असतं, आणि ते खरंखुरं बोललेलं हवं, बनवलेलं चालत नाही. दुसऱ्या अर्थाला लोविसाकाकूंचं दिलं: "माझं कार्सिक्को माझ्या नवऱ्यापेक्षा सरळ निघालं." पहिल्या अर्थाची जागा रिकामी आहे. मला एकच वाक्य आठवतं आणि ते मी लिहू शकत नाही.

होडी ठरलेली आहे, दादा.

इर्या


तेर्वालाम्पी, २६ मे

प्रिय दादा,

आता सांगावंच लागेल. उद्या दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

परवा शब्दकोशाचे एक गृहस्थ स्वतः आले, कॅमेरा घेऊन. त्यांना झाडं पाहायची होती. मी म्हटलं, मी घरी नाही असं समजा. ते हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. बाबाच त्यांना घेऊन टेकाडावर गेले, मी मागोमाग. आजोबांचं झाड, त्यांच्या भावाचं, मग आईचं. गृहस्थ प्रत्येक झाडाचं चित्र घेत होते. आईच्या झाडाशेजारी, हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ, आणखी एक आहे. त्यांनी वाचलं: "ओ. ति., १९५४." म्हणाले, "एकाच वर्षी दोघं? हे कोण?"

बाबा म्हणाले, "पोरगा."

गृहस्थांनी टोपी काढली. "फार वाईट झालं," म्हणाले. बाबा "हं" म्हणाले, आणि पलीकडच्या शेताकडे बोट दाखवून ओट कसे उगवलेत ते सांगू लागले.

दादा, ते झाड तुझं आहे.

आईला नेत होतो तेव्हा मी घोडीचा लगाम धरून उभी होते. फेब्रुवारी, बर्फ गुडघाभर. तुझ्या नावानं तार गेली होती, सगळे तुझी वाट बघत होते, आणि तुझ्याऐवजी पुष्पचक्र आलं, त्यावरची फीत स्वीडिशमध्ये. बाबांनी ती फीत पालथी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला आणखी काही लिहिलेलं असेल. वळणावर थांबून आईचं झाड छाटलं, नाव कोरलं, रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी घोट घोट दारू घेतली. आम्ही निघणार तर बाबा शेजारच्या पाइनकडे गेले आणि त्याच्या फांद्या उतरवायला लागले. लोविसाकाकू तेवढ्या म्हणाल्या, "हेर्मन्नी, पोरगा जिवंत आहे." बाबा कोरता कोरता म्हणाले, "आईला पोचवायला आला नाही, तो मेला. त्याचं कार्सिक्को इथं."

मला आठवणारं वाक्य ते.

मी लगाम सोडून पुढे जायला हवं होतं की काय, ते आजही ठरत नाही. घोडी बुजरी आहे, शवपेटी घसरगाडीवर होती. पण हे कारण आहे की सबब, ते मला सांगता येत नाही.

गृहस्थ परत निघाले तेव्हा मी तिठ्यापर्यंत त्यांच्यामागे धावले आणि म्हटलं, "तो मेलेला नाही. गोथेनबर्गच्या गोदीत काम करतो. पुढच्या महिन्यात नवरी घेऊन येतोय." त्यांनी वही काढली, मग पेन हातात धरून नुसतेच उभे राहिले. "मग मी हे कोणत्या अर्थाखाली घालू?" मी म्हटलं, "कोणत्याच नको." बस आली आणि ते गेले.

म्हणून होडीनं या. झाड पाण्यावरून दिसत नाही.

इर्या


तेर्वालाम्पी, ९ जून

दादा,

तुझं पत्र चुलीत टाकायला सांगितलंस, पण मी टाकलेलं नाही. आई गेल्याची तार हातात, तिकीट खिशात, आणि तू स्टेशनच्या बाकावर बसून राहिलास, गाडी निघून गेली तरी. हे मी बाबांना वाचून दाखवलं नाही. तुझं आहे, तू सांग. पण माझी विनंती आहे, सांग.

बाकीच्याला मात्र मी घाबरले. तू लिहिलंस: "होडीबिडी काही नाही. वाटेनंच येणार. मेलेला माणूस आपल्या झाडापुढे जात नाही ना? मग मी त्या झाडाखाली बसतो. ज्यानं मला तिथं ठेवलं त्यानं येऊन न्यावं. आला नाही तर संध्याकाळच्या बसनं परत, आणि पुन्हा कधी नाही."

पुन्हा कधी नाही. तू म्हणतोस तसं करतोस, तेच तर तुझं आणि बाबांचं सारखं आहे. ते येणार नाहीत, दादा. मी त्यांना तीन वर्षं रोज बघते. तुझं नाव निघालं की त्यांना गायीबद्दल काहीतरी आठवतं.

मी पाद्रींना जाऊन विचारलं की झाड तोडल्यानं मरण येतं असं मानणं पाप आहे का. ते म्हणाले, "पाप नाही, मूर्खपणा आहे." मी म्हटलं, "मग मी तोडू?" त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "मी असतो तर नसतं तोडलं." लोविसाकाकूंना विचारायची सोयच नव्हती, त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या माहेरी एकानं कुंपणाच्या खांबांसाठी कार्सिक्को पाडलं, तर बटाटे काढायच्या आत त्याची बायको गेली. "आणि चांगली ठणठणीत होती," काकू म्हणाल्या, "नवऱ्याला बडवायची."

तरी मी गुरुवारी करवत घेऊन गेले. बाबा मासे पकडायला गेले होते. बुंध्याला करवत लावली आणि एकदा ओढली. एकदाच. मग मनात आलं की मरण घरात येतं म्हणतात, पण घरात कोणाला, ते कोणी सांगत नाही. मला आलं तर एक वेळ ठीक. पण तू आमच्याच घरातला, आणि आता गुनवोरही. मी करवत काढून घेतली. झाडावर चीर राहिली आहे. आता मला कळत नाही की एकदा ओढलेली करवत धरतात की नाही. हे कोणाला विचारू?

तू उतरशील तेव्हा मी झाडापाशी असेन. निदान पाणी घेऊन येईन.

इर्या


तेर्वालाम्पी, ७ जुलै

प्रिय दादा,

तुम्ही दोघं सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. गुनवोरनं खाली आपल्याकडच्या भाषेत 'आभार' लिहिलंय आणि त्यात एक अक्षर जास्त घातलंय, ते मला फार आवडलं. तुझं एकच वाक्य होतं: "म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत मला हात लावू दिला नाही, ते लक्षात राहील."

त्यासाठीच हे पत्र. सणाच्या आदल्या दिवशी तू झाडाखाली होतास, मी झाड आणि घर यांच्यामध्ये धावत होते. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे. घराच्या बाजूला काय झालं ते तू जाईपर्यंत सांगायचं नाही, असा शब्द बाबांनी माझ्याकडून घेतला होता. आता तू गेलास.

तू निरोप दिलास, "त्यांना म्हणावं, स्वतःचं अक्षर येऊन वाचा." मी अंगणात पोचले तर बाबा सौनातल्या वाफेच्या न्हाणीसाठी बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधत होते आणि लोविसाकाकू माझ्याआधीच तिथं होत्या.

"हेर्मन्नी, तुझं भूत टेकाडावर बसलंय," काकू सांगत होत्या. "शेजारी पिवळ्या केसांची बाई आहे. दोघं मासे घातलेली भाकरी खातायत."

"भुतं खात नाहीत."

"हे खातंय. डासही चावतायत त्याला. मेलेल्याला डास चावलेला पाहिलायस कधी?"

"त्याला पाय आहेत. येऊ दे चालत."

"तू थांबवून ठेवलंयस, तो कसा येईल? सगळं गाव होळी पेटवायला त्याच वाटेनं जातंय आणि थांबून थांबून वाचतंय. तुझं अक्षर चांगलंय म्हणतात."

बाबांनी जुडी खाली ठेवली. मी तुझा निरोप सांगितला. मग परत जायच्या बसचं सांगितलं, "पुन्हा कधी नाही" हेही सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण काकू माझ्याकडे वळून बघायला लागल्या. बाबा म्हणाले, "गाय..." आणि पुढे गायीबद्दल त्यांना काहीच सुचलं नाही. ते आत गेले. मला वाटलं, संपलं. संध्याकाळची बस, आणि मग आम्ही दोघंच, ते मरेपर्यंत.

ते बाहेर आले तेव्हा अंगात चर्चला जायचा काळा कोट होता, आणि हातात कुऱ्हाड.

मी घाबरले, दादा. तुझ्यासाठीच घाबरले, हे लिहायला लाज वाटते. काकूसुद्धा बाजूला झाल्या. मी त्यांच्या शेजारून धावत विचारत होते, काय करणार आहात, बाबा, काय करणार आहात. कुंपणाचं फाटक ओलांडल्यावर म्हणाले, "पाडतो."

मी म्हटलं, "नका. पाडणाऱ्याच्या घरी..."

"माहितीये मला. तुझ्या आधीपासून माहितीये."

मग मी रडायला लागले आणि करवतीचं सांगून टाकलं. ते थांबले.

"किती ओढलीस?"

"एकदाच."

"सालीपर्यंत, की आत?"

"सालीपर्यंत."

"मग धरत नाहीत," ते म्हणाले. कुठून ठरवलं कोण जाणे, पण असे म्हणाले की मला बरं वाटलं. थोडं चालून पुन्हा म्हणाले, "आणि धरत असले तर मी आता पुढे घुसतो. ज्याचा हात, त्याचं मरण, असं माझी आई सांगायची. या घरात रांगेत मी पहिला आहे. मधे कोणी यायचं नाही. तूही नाही आणि तोही नाही."

मी म्हटलं, "हे त्याला सांगा."

"सांगितलं तर तो कुऱ्हाड काढून घेईल. मी ओळखतो त्याला. तो गेल्यावर सांग."

पुढचं तू पाहिलंस, पण हे माहीत नसताना पाहिलंस. ते आले आणि तुझ्याकडे बघितलंही नाही, गुनवोरसमोर टोपी काढली आणि थेट झाडाशी गेले. त्यांना दम लागून ते दोनदा खाली बसले, तू उठून म्हणालास, "द्या इकडे, बाबा," आणि ते ओरडले, "लांब हो! हात लावशील तर बघ!" तुझा चेहरा लाल झालेला मी पाहिला. तुला वाटलं, तीच जुनी आढी. तू कोपरापाशी धरलंस तर त्यांनी तुला खांद्यानं ढकललं. दादा, ज्या माणसानं तुला मेलेला म्हणून कोरलं, तो तुला त्या झाडापासून ढकलत होता. मला शब्दानं बांधलेलं होतं आणि मी ओठ चावत उभी होते. झाड पडलं ते वाटेच्या पलीकडे पडलं. मग ते खुंटावर बसले आणि म्हणाले, "चला, सौना गार होईल." तू बॅग उचललीस, पण त्यांच्याशी बोलला नाहीस, दोन दिवसांत मीठ आणि हवामान यापलीकडे काही बोलला नाहीस. स्टेशनातल्या बाकाचंही सांगितलं नाहीस. त्यांनीही विचारलं नाही. निघताना तू हात पुढे केलास तो माझ्यापुढे, त्यांच्यापुढे नाही.

लोविसाकाकूंनी नंतर टोमणा मारलाच: "नवरी आली आणि तिच्या मानाचं झाड नाही छाटलं, हेर्मन्नी?" बाबा म्हणाले, "पुरे झाली झाडं."

शब्दकोशवाल्यांना मी कळवलं आहे की १९५४ चं दुसरं चित्र छापू नका, ते झाड आता नाही.

आता माझं म्हणशील तर मला चैन नाही. ते चांगले आहेत. खातात. कालपासून गवत कापणं सुरू केलंय, आणि मी मागे मागे दंताळं घेऊन फिरते, म्हणजे ते पडले तर मी जवळ असावं. पाद्री म्हणाले तो मूर्खपणा आहे, आणि मी रोज सकाळी स्वतःला तेच म्हणते. म्हणूनच तुला विचारते, कापणीच्या शेवटच्या आठवड्यात येशील? गवत दोघांत उरकत नाही, हे एक. आणि त्या बाकाचं तू त्यांना सांगावंस, ते ऐकायला ते असताना.

आज सकाळी कॉफी घेताना त्यांना जोराचा ठसका लागला. माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अजून नाही. त्याला लिही, दंताळं घेऊन यावं."

इर्या